भिंतीवर खोटी खिडकी रंगवून घ्यायची आहे: अनुभव, खर्च, खाचखळगे सांगा

ओसरी, ७ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले, पण तिथे सगळी चर्चा वॉलपेपर आणि टेक्स्चर पेंटची आहे. मला हाताने रंगवलेलं चित्र हवंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

पुण्यात सिंहगड रस्त्याला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणाच्या टेबलासमोर ११ फूट रुंद, ९ फूट उंच कोरी भिंत आहे. डाव्या हाताला पश्चिमेची खिडकी. तिच्यातून पूर्वी डोंगर दिसायचा, आता शेजारच्या सोसायटीचं पार्किंग दिसतं. चारनंतरची उन्हं तेवढी अजून येतात.

माझं माहेर गुहागरजवळ. तिथलं घर गेल्या वर्षी विकलं. (कारणं विचारू नका, सगळ्यांच्या घरात असतात तीच.) मागच्या दारात उभं राहिलं की पडवीचे खांब, सारवलेलं खळं, तुळस, पाच-सहा माड आणि त्यांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसायची. ते सगळं त्या अख्ख्या भिंतीवर हवंय. जेवायला बसलं की समोरचं दार उघडं आहे असं वाटलं पाहिजे.

नवरा म्हणतो, हॉटेलासारखं दिसेल. सासूबाई म्हणतात, तेवढ्या पैशात दोनदा घर रंगवून होतं.

दोघांकडून दर आलेत. एकाने फोनवरच सांगितलं, चौरस फुटाला २२० रुपये, फोटो व्हॉट्सॅप करा, प्रोजेक्टर लावून तीन दिवसांत देतो. दुसऱ्याने ६०० सांगितले, आणि भिंत बघितल्याशिवाय पुढचं बोलणार नाही म्हणाला. म्हणजे एक पावणेबावीस हजार आणि दुसरा जवळजवळ साठ. एवढा फरक कशाचा? कोणी करून घेतलंय का? पावसाळ्यात टिकतं का?

खडूस_पेठकर, ७ ऑक्टोबर

टेबल फिरवा. खर्च शून्य.

ओसरी, ७ ऑक्टोबर

टेबल फिरवलं की बेसिन समोर येतं, काका.

मधुरा_ठाणे, ८ ऑक्टोबर

पैसे टाकायच्या आधी भिंत तपासा! आमच्या मुलाच्या खोलीत जंगल काढून घेतलं होतं. हत्ती, माकडं, धबधबा. काम सुरेख, त्यात खोट काढणार नाही. पण त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. जूनमध्ये काढलं, गणपतीपर्यंत हत्तीच्या पोटाला फोड आले आणि दिवाळीला पापुद्रे सुटले. पोरगा रोज थोडाथोडा हत्ती सोलायचा. रंगवणारा म्हणे भिंत तुमची, आम्ही म्हणालो बघायला हवी होती तुम्ही. नीट विचार केला तर दोघांचंही चुकलं होतं. शेवटी न्हाणीघराच्या फरशीचे सांधे उकरून परत भरले, भिंत खरवडली आणि सहा महिने उघडीबोडकी ठेवली.

तपासायची सोपी रीत: फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, दोन दिवस तसंच ठेवायचं. काढताना आतून दव दिसलं किंवा तेवढाच चौकोन गडद झाला असेल तर चित्रकाराला फोनसुद्धा करू नका. भिंतीला पांढरा लोणा आला असेल तरी तेच.

पाणीमारे, ८ ऑक्टोबर

मधुराताईंना अनुमोदन. बांधकामात आहे म्हणून थोडी भर घालतो.

नवं प्लास्टर असेल तर पाणी मारून झाल्यावर निदान महिनाभर सुकू द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो, काही रंगछटा तर उडूनच जातात. पुट्टी, त्यावर पाण्यातला प्रायमर, आणि चित्राला अ‍ॅक्रिलिक. पाट्या रंगवणारे जुने लोक ऑइलपेंट आणतील. त्याची चमक छान असते, पण घरात अंधाऱ्या भिंतीवर त्याचा पांढरा काही वर्षांत पिवळा पडतो. आणि हे काम दिवाळी ते मे या काळातच करा. भर पावसाळ्यात एक हात वाळायला दिवस जातो.

पडद्यामागचा, ९ ऑक्टोबर

आमचे आजोबा कोल्हापुरात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले ते हेच गाव, त्यामुळे तिथे पडदा रंगवणं मानाचं काम होतं. कापड जमिनीवर पसरायचं, पावडरीचे रंग सरसात कालवायचे आणि लांब दांड्याच्या कुंचल्याने उभ्याउभ्या रंगवायचं. सरस शिजतानाचा तो वास मला अजून आठवतो. मी बँकेत गेलो, पण कानावर पडलेलं थोडं सांगतो.

तुमच्या दरातला फरक हा. २२० वाला तुमचा फोटो भिंतीवर उतरवणार. फोटो काढताना कॅमेरा ज्या उंचीवर होता आणि ऊन ज्या बाजूने होतं, ते जसंच्या तसं येणार. तुम्ही मात्र खुर्चीत बसलेल्या असणार, डोळे जमिनीपासून चारेक फुटांवर. समुद्राची रेघ तुमच्या डोळ्यांच्या पातळीत आली नाही तर आपण स्टुलावर चढून बघतोय असं वाटतं. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) ठोकळे काढले असतील ना? तोच हिशेब. प्रोजेक्टरला मी नावं ठेवत नाही, चांगले चांगले लोक वापरतात. पण त्याच्यावर काय टाकायचं ते आधी तुमच्या खुर्चीतून बसून ठरवावं लागतं. ६०० वाला भिंत बघायला येतो म्हणतोय, ते त्याच्यासाठीच.

आता दुसरी गोष्ट, आणि ती तुम्हाला आवडणार नाही. खोल दृश्य फसवत नाही. खरं दार उघडं असलं आणि तुम्ही मान थोडी हलवली, की खांबामागचा माड सरकतो. रंगवलेला माड जागचा हलत नाही. आपल्याला दोन डोळे आहेत, त्यांना ते क्षणात कळतं. मग उरतं ते नुसतं मोठं चित्र, आणि तुमचे यजमान म्हणतात तसं हॉटेल. नजर फसते ती उथळ गोष्टींना. भिंतीतला कोनाडा, फडताळ, खुंटीवरची टोपी, चार बोटं पुढे आलेली चौकट. हातभर खोलीच्या आतबाहेर जे असतं ते. शिवाय वस्तू खऱ्या मापाच्या हव्यात. तांब्या खऱ्यापेक्षा वीतभर मोठा काढला की संपलं.

जाता जाता एक. चित्रकार आपल्या कामाचे फोटो दाखवतात, त्यावर जाऊ नका. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्यामुळे फोटोत ही चित्रं असतात त्याहून जास्त खरी वाटतात. भिंतीजवळून चालत काढलेला व्हिडिओ मागा. चालतानाही पहिली दोन-तीन पावलं फसायला झालं, तर माणूस तयार आहे.

ओसरी, ९ ऑक्टोबर

वाचून हिरमुसले, खरं सांगते. मला खळंच हवंय हो. तांब्या आणि टोपी घेऊन काय करू?

भटक्या_विमुक्त, १० ऑक्टोबर

पडद्यामागच्यांच्या म्हणण्याला एक जबरी अपवाद आहे, पण त्यात अट फार कडक आहे. रोममध्ये संत इग्नाशियसचं चर्च आहे. तिथे घुमट बांधायचा राहून गेला. तेव्हा आंद्रेआ पोझ्झो नावाच्या, जेझुइट या ख्रिस्ती संघातल्या ब्रदरने १६८५ मध्ये एका प्रचंड कापडावर घुमट रंगवला आणि तो सपाट छतावर चढवला. पुढे १६९४ पर्यंत मुख्य दालनाचं छतही त्याने असं रंगवलं, की खऱ्या भिंती कुठे संपतात आणि रंगवलेले खांब कुठे सुरू होतात ते कळत नाही.

त्या चर्चच्या फरशीत एक गोल दगड बसवलेला आहे. त्यावर उभं राहून वर बघायचं. मी उभा राहिलो. खांब सरळ आभाळात गेलेले, माणसं ढगांतून तरंगतायत. मग दहा पावलं बाजूला झालो तर तेच खांब दारूड्यासारखे एकमेकांच्या अंगावर झुकलेले. परत दगडावर आलो, परत सरळ. पाऊण तास हाच खेळ केला, बायको बाहेर आइस्क्रीम खाऊन आली.

म्हणजे खोल दृश्य जमतं, पण फार उंचावर, लांबून आणि एकाच जागेवरून. तुमच्या घरात जेवणाच्या टेबलापासून भिंत किती लांब? सात फूट? मग अवघड आहे.

वाड्यातला, १० ऑक्टोबर

ओसरीताई, तुमच्या आयडीतच उत्तर आहे: जुनं घर. जुन्या घराच्या भिंती दीड-दोन फूट जाड. अशा भिंतीतली खिडकी म्हणजे आधी एक खोल कोनाडा आणि मग बाहेरचं जग. तो कोनाडा नजर फसवेल आणि त्यातून बाहेरचं खळं हातभर दिसलं तरी मन पुढचं जोडून घेईल. आमचं आजोळ वाईचं. लहानपणी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघायला नेत. तिथे भिंतींवर चित्रं आहेत, पण माझ्या डोक्यात राहिले ते कोनाडेच. प्रत्येकात काहीतरी ठेवलेलं असावंसं वाटायचं.

बाकी फसव्या भिंती-फरशांचं कौतुक आपल्याला रोमकडून ऐकायला नको. मयसभा विसरलात होय? दुर्योधनाने जमीन समजून पाण्यात पाय टाकला आणि पाणी समजून कोरड्या जमिनीवर वस्त्र सावरलं.

खडूस_पेठकर, १० ऑक्टोबर

आणि द्रौपदी हसली म्हणून महाभारत झालं. सासूबाई फसल्या तर हसू नका.

संशोधित_आवृत्ती, १० ऑक्टोबर

अवांतर: सभापर्वाच्या (भांडारकर संस्थेच्या) चिकित्सक आवृत्तीत त्या प्रसंगाच्या वर्णनात द्रौपदी हसत नाही. भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसतात. द्रौपदी हसल्याचं नंतर दुर्योधनच धृतराष्ट्राकडे तक्रार करताना सांगतो.

खडूस_पेठकर, १० ऑक्टोबर

वाटच बघत होतो तुमची.

तारपा, ११ ऑक्टोबर

धागा थोडा भरकटवतो, पण भिंतीवरच्या चित्रांचं चाललंय म्हणून. मी डहाणूकडचा. शहरातल्या घरांत वारली चित्रं काढून घ्यायची लाट आहे, चांगलं आहे, आमच्याकडच्या पोरांना काम मिळतं. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर तर फारच विचारणा होते. पण लोक गुगलवरचा फोटो दाखवून सांगतात, सोफ्यामागे हा चौक काढा. तो लग्नाचा चौक असतो. त्यात पालघाट देवी बसलेली असते. तो लग्नघरात, लग्नाच्या वेळी, सवाशिणी काढतात. तुमच्या टीव्हीच्या वर तिचं काय काम? काढणारा गरजेपोटी नाही म्हणत नाही, पण त्याला बरं वाटत नसतं. त्यापेक्षा भातलावणी मागा, मासेमारी मागा, ताडी उतरवणारा मागा, तारप्याचा नाच मागा. भरपूर आहे आमच्याकडे.

आणि 'नुसत्या काड्याकाड्यांची माणसं तर काढायचीयेत' म्हणून दर पाडून मागू नका. बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने दोन त्रिकोण जोडून कंबर वळवून दाखवा, मग बोलू.

ओसरी, ११ ऑक्टोबर

तारपा, हे माहीतच नव्हतं. माझ्या बहिणीकडे अगदी असाच चौक आहे, डायनिंगमध्ये. तिला धागा पाठवलाय.

कावळेसाद, १२ ऑक्टोबर

सावंतवाडीकडून हजेरी. टिकाऊ हवं असेल तर आमच्याकडची कावी बघा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच लोखंडी कोरणीने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. लाल-पांढरी दोनच रंगांची नक्षी. तळकोकणात आणि गोव्यात देवळांवर अजून आहे. रंग वर बसलेला नसतो, भिंतीचाच भाग असतो, त्यामुळे पापुद्रा निघायचा प्रश्न नाही. पण फ्लॅटच्या सिमेंटवर ती होत नाही, आणि करणारे हात फार थोडे उरलेत. नजर फसवायचं तर ते कामच नाही तिचं. माहिती म्हणून सांगितलं.

कलम_सत्तावन्न, १३ ऑक्टोबर

व्यवसायाने वकील, म्हणून सवयीने दोन शब्द. कामाआधी कागदावर लिहून घ्या. किती कच्ची रेखाटनं, किती वेळा बदल, रंग कोणी आणायचे, घोडी-परांची कोणाची, फरशीवर डाग पडले तर काय. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा काम संपल्यावर पंधरा दिवसांनी.

आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही. कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. पण ५७व्या कलमाने कलाकाराचा नैतिक हक्क शिल्लक राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं आणि वर ५ लाखांची भरपाई. तुमच्या जेवणघराच्या भिंतीवरून कोणी कोर्टात जाईल असं नाही, पण 'पुढे घर रंगवताना हे चित्र पुसायला हरकत नाही' ही ओळ करारात असू द्या. चांगला चित्रकार हसून सही करतो.

माई_न्यूजर्सी, १४ ऑक्टोबर

आमच्याकडे घर विकताना एजंट सगळ्या भिंती पांढऱ्या करायला लावतात, म्हणून मी देवघरामागचं चित्र कॅनव्हासवर काढून घेतलं आणि तो कॅनव्हास भिंतीला चिकटवला. घर बदललं तेव्हा कडेने सोडवून, गुंडाळून नेला. एका कोपऱ्याला सुरकुती पडली, बाकी शाबूत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. वरच्या रोमच्या घुमटाचं वाचून बरं वाटलं, तोही कापडावरच की!

ओसरी, १९ जानेवारी

धागा वर काढतेय. मधे दिवाळी, लग्नं, नवऱ्याचं दुखणं असं सगळं झालं. प्लास्टिकची परीक्षा केली, भिंत कोरडीठाक निघाली (मधुरा, खूप आभार).

६०० वाल्यांना बोलावलं. साताऱ्याकडचे आहेत, पूर्वी नाटकांचे सेट रंगवायचे. घरात आले, भिंतीकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न: "ताई, तुमची खुर्ची कुठली?" मग स्वतः त्या खुर्चीत बसले. माझ्यापेक्षा बरेच उंच, म्हणून मला बसवून माझ्या डोळ्यांपासून जमिनीपर्यंत टेप लावला. ३ फूट १० इंच. भिंतीवर त्या उंचीला दोरी मारून निळी रेघ पाडली आणि म्हणाले, समुद्र इथे. माझ्या मनात जो समुद्र होता तो वीतभर वर होता.

अख्ख्या भिंतीचं दार ऐकून त्यांनी मान हलवली. कारणं जवळजवळ शब्दशः पडद्यामागच्यांनी दिलेलीच. मग भिंतीच्या मधोमध चार फूट रुंद, पाच फूट उंच खिडकी ठरली. जाड भिंतीची, खाली रुंद उंबरठा, त्यावर दोन-तीन वस्तू, एक फळी अर्धी लोटलेली. बाहेर तुळशीचा अर्धा कट्टा, दोन माडांचे बुंधे आणि समुद्राची पट्टी. खळं दिसणार नाही, फक्त त्याचा एक कोपरा.

माझा पुढचा हट्ट होता संध्याकाळच्या उन्हाचा. ते म्हणाले, "खिडकीतून ऊन दाखवलं तर ते आत यायला हवं. तुमच्या टेबलावर पडायला हवं. ते मी कुठून आणू? बाहेर श्रावणातलं मळभ ठेवू. मग आतल्या वस्तूंवर तुमच्या खऱ्या खिडकीचा उजेड, डावीकडून, आणि सावल्या उजवीकडे. भांडण मिटलं."

मला मळभ आवडत नाही. पण मागच्या दारात उभं राहून मी किती श्रावण बघितलेत ते त्यांना कुठून माहीत.

पैशांचं: चौरस फुटाचा दर त्यांनी बाजूला ठेवला. सगळं मिळून ४२ हजार. म्हणजे चित्र पाचव्या हिश्श्याचं झालं, फुटाचा दर तिपटीहून वर गेला आणि एकूण खर्च साठ हजारांवरून खाली आला. नवऱ्याला हा हिशेब अजून पटलेला नाही.

पडद्यामागचा, १९ जानेवारी

मळभ! वा. आजोबांना हा माणूस आवडला असता. काम चालू असताना एक दिवस सुट्टी काढून बघत बसा.

ओसरी, १६ फेब्रुवारी

झालं! अकरा दिवस लागले. सुट्टी काढली दोन दिवस, ते सार्थकी लागले.

पहिले तीन दिवस नुसती आखणी. त्यांनी घरी खऱ्या मापाचं रेखाटन करून आणलं होतं, त्याच्या रेघांवर टाचणीने भोकं पाडलेली. कागद भिंतीला लावला आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलके आपटत गेले. कागद काढला तर भिंतीवर ठिपक्यांची खिडकी. आमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, हे तर रांगोळीच्या छापासारखंच." तोपर्यंत त्या चित्राबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. उंबरठ्यावर माझ्या आजीचा पितळी तांब्या काढायचा होता. खरा तांब्या मी समोर आणून ठेवला. तांब्या अर्ध्या दिवसात झाला, चकचकीत, कडेला पोचा आलाय तोसुद्धा. पण सपाट. चिकटवल्यासारखा. मी काही बोलले नाही. त्यांनी आमच्या भिंतीच्या रंगाचा उरलेला डबा मागितला. सावलीसाठी काळा रंग घेतलाच नाही, म्हणाले काळ्याने सावली मरते. भिंतीच्याच रंगात थोडा तपकिरी, थोडा निळा. मग चक्क वाट बघत बसले, चहा प्यायले. सव्वाचारला ऊन आलं तेव्हा खरा तांब्या स्टुलावर भिंतीला टेकवून धरला, त्याची सावली कुठे संपते तिथे पेन्सिलीने दोन खुणा केल्या. आणि मग तीन हात, पातळ, एकावर एक. तांब्याजवळ गडद, पुढे विरत गेलेली. तिसऱ्या हाताला तांब्या भिंतीतून उठून बाहेर आला. मी अक्षरशः मागे सरकले.

खिडकीच्या बाजूला तीन खुंट्या आहेत. दोन रंगवलेल्या, एक खरी, शिसवी. ही त्यांचीच कल्पना. खऱ्या खुंटीला माझी पिशवी असते, त्यामुळे उरलेल्या दोन आपोआप खऱ्या होतात. आतापर्यंत चार जण फसलेत, त्यात एक नवरा.

चुका आणि तक्रारी पण लिहिते. आधी वरचं पारदर्शक आवरण चमकदार लागलं, तर संध्याकाळी खिडकीच्या मधोमध ट्यूबलाइट दिसायला लागली. त्यांनी दुसऱ्या दिवशी मॅटचा हात मारून दिला, पैसे नाही घेतले. आणि दिवसा मिसळलेला समुद्र आमच्या पांढऱ्या एलईडीखाली चक्क सिमेंटसारखा दिसतो. पिवळसर दिवा लावला तेव्हा थोडा सुधारला. रंग लावायच्या आधी दिवे ठरवा, नंतर नाही.

मधुरा_ठाणे, १६ फेब्रुवारी

किती सुंदर लिहिलंयस! आणि रात्री काय? बाहेर अंधार आणि तुझ्या खिडकीत दिवस?

ओसरी, १७ फेब्रुवारी

विचारलं होतं त्यांना. म्हणाले, "रात्री ही खिडकी खोटीच, ताई. तिच्यावर झोत टाकू नका, तिला झोपू द्या." म्हणून त्या भिंतीचे दिवे आठनंतर बंद.

खडूस_पेठकर, १७ फेब्रुवारी

फोटो टाका. एकच डोळा असला तरी चालेल.

पाणीमारे, २८ जुलै

पाऊस महिनाभर धरून आहे. भिंतीची खबरबात?

ओसरी, २९ जुलै

उत्तम आहे. खाली स्कर्टिंगजवळ नाण्याएवढा एक फोड आला होता, पण तो मॉपच्या पाण्याचा निघाला. तिथे आता कोरडं फडकं. त्यांनी उरलेले रंग छोट्या बाटल्यांत भरून, वर 'समुद्र', 'भिंत', 'तांब्याची सावली' असं लिहून दिलेत. फोड खरवडून 'भिंत' लावली, कळतही नाही.

भटक्या_विमुक्त, २९ जुलै

आणि फरशीत गोल दगड बसवलात की नाही?

ओसरी, २९ जुलै

दगड नाही, खुर्ची. ती एकच खुर्ची, ३ फूट १० इंचांची. शेजारच्या खुर्चीतून चौकट किंचित कलते आणि समोरच्यातून तर भिंत दिसतच नाही.

मे महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना हातांची खुर्ची लागते, ती तिथेच मावते. त्यांची नि माझी बसकी उंची एकच आहे, हे आम्हाला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. सकाळी चहा घेऊन तिथे बसतात त्या उठत नाहीत. परवा फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, "आमच्याकडे की नाही, जेवणाच्या खोलीतून समुद्र दिसतो."

मी बेसिनकडे तोंड करून बसते.

खडूस_पेठकर, २९ जुलै

म्हणजे शेवटी टेबल फिरवल्यासारखंच झालं.

ओसरी, २९ जुलै

होय काका. ४२ हजारांत.